सायलेन्सरमधली कुंभारीण

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीची गवत कापायची मशीन अकरा दिवस बंद होती. ती मी बंद पाडली होती.

पण आधी साळुबामामांविषयी सांगायला हवं.

दर रविवारी सकाळी साडेसातला साळुबामामा आमच्या फाटकाशी येऊन उभे राहतात. पायात गमबूट, मे महिन्यातसुद्धा गळ्यात मफलर, दोन्ही कानांत कापूस. बेल दाबत नाहीत. कडी दोनदा वाजवतात आणि विचारतात, "सर, चालू करू का?" मी खिडकीतून "करा" म्हणतो. कापसामुळे त्यांना ते ऐकू जात नाही. ते माझे ओठ बघतात, मान हलवतात आणि बागेकडे वळतात. मिनिटभरात मशीनचा फटफटाट सुरू होतो.

कॉलनीत बावीस घरं आहेत. विचारतात ते फक्त माझ्याच फाटकाशी. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो तोवर लोकांना वाटायचं, मामा शिस्तीचे आहेत, रीतसर परवानगी घेतात. गेल्या वर्षी मी ते पद सोडलं. मामा तरीही आमच्याच फाटकाशी येतात, म्हणून आता लोकांना वाटतं की वयानं त्यांना विसर पडायला लागलाय. मामा काहीही विसरत नाहीत.

ते मूळचे लासूर स्टेशनकडचे. वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाले, वर्षभरात मामी गेल्या, मुलगा आधीच पुण्याला स्थायिक झालेला. चौदा नंबरच्या घरात एकटेच राहतात. बीड बायपासच्या अलीकडच्या आमच्या या कॉलनीत मधोमध एक चौकोनी बाग आहे. नळाला पाणी आठवड्यानं येतं, पण बोअरच्या जिवावर तिथली हिरवळ टिकून आहे. मशीन कुणीतरी टाकून दिलेली होती. मामांनी ती हातगाड्यावर घालून आणली, महिनाभर खपून जिवंत केली आणि कॉलनीला देऊन टाकली. म्हणजे कागदावर दिली. ती ठेवतात त्या पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्याच करदोट्याला असते.

मशीनला ते मशीन म्हणत नाहीत, पेशंट म्हणतात. उन्हाळ्यात कापायला गवत नसतं, तेव्हाही रविवारी दहा मिनिटं पेशंटला बागेतून फिरवून आणतात. "रक्त फिरायला पायजे," म्हणतात. चालू करण्याचा त्यांचा नियम एकच: दोरीला तीन झटके. "तीनात चालू नाय झाली तर चूक माणसाची. इंजिनाला खोटं बोलता येत नाय." किती झटके लागले ते पंपाच्या खोलीच्या भिंतीवर दर रविवारी खडूनं लिहून ठेवतात. बहुतेक जागी दोन, क्वचित एक. पाहुण्यांना ते वेरूळ-अजिंठ्याच्या आधी ही भिंत दाखवतात.

त्याच खोलीच्या दाराला आतून त्यांचे पाच प्रश्न लिहिलेले होते. खाल्लं का, म्हणजे पेट्रोल. श्वास घेतला का, म्हणजे हवेचा फिल्टर. ठिणगी हाय का, म्हणजे प्लग. दम हाय का, म्हणजे सिलिंडरमधला दाब. आणि हे चारही ठीक असतील तर पाचवा: मग रुसलीस कशाला? इंजिन कुरकुरलं की हे प्रश्न ते मोठ्यानं, याच क्रमानं, उकिडवं बसून इंजिनालाच विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. प्लग काढून तो हुंगायचे. काळा असेल तर "हावरटासारखं खाल्लंय", पांढुरका असेल तर "उपाशी हाय बिचारी".

माणसांनाही हेच प्रश्न लागू. टायरचं दुकान असलेले आमचे शेजारी फारुखभाई, त्यांच्या सासऱ्यांनी एकदा जेवण सोडलं होतं. मामा जाऊन बसले, म्हणाले, "खाल्लं का ते सोडा, दुसरा सवाल इचारा. खिडकी उघडता का कधी?" खिडकी उघडली आणि म्हातारबाबा दोन दिवसांत भाकरी मागायला लागले. तेव्हापासून फारुखभाई मामांचे मुरीद आहेत.

माझंही निदान त्यांनी केलं होतं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. चोवीस वर्षं लोकांना गप्प राहा म्हणून सांगतोय आणि स्वतः आधीपासूनच गप्प आहे. कुणाला नको म्हणणं, हे करू नका म्हणणं मला जमत नाही. जे बोलायचं ते मी मनात तीन-चार वेळा नीट लिहून काढतो आणि तोवर माणूस निघून जातो. मामा म्हणायचे, "सर, तुमच्यात ठिणगी हाय, दम बी हाय. फिल्टर चोक झालाय. बोलत जा जरा."

आता तो रविवार.

माझ्या मुलीचं, मानसीचं, लग्न ठरत होतं. तिनं आणि मुलानं आपसात सगळं ठरवलंच होतं, मोठ्यांनी फक्त भेटायचं बाकी होतं. मुलाचे वडील भुजंगराव गंगापूरकडचे ऊसवाले, कमी बोलणारे आणि कडक, असं मानसीनंच सांगून ठेवलं होतं. ते सकाळी साडेआठला येणार होते. आमच्या बैठकीची खिडकी बागेवर उघडते. साडेसातला सुरू झालेली मशीन साडेनवापर्यंत चालते, आणि तिच्यापुढे माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. शिवाय मामांना नवीन माणूस दिसला की ते त्याला भिंत दाखवायला नेतात.

मामांना एवढंच सांगायचं होतं की उद्या राहू द्या. शनिवारी संध्याकाळी मी हे वाक्य घेऊन तीनदा बागेत गेलो. मामा पाती घासत होते. तीनदा आम्ही पावसावर बोललो. चौथ्यांदा गेलो तेव्हा मामा पाणी प्यायला घरी गेले होते आणि पंपाची खोली उघडी होती.

आमच्या बैठकीतले जुने पडदे, पिवळ्या फुलांचे, आठवड्यापूर्वीच उतरवले होते. त्यांचं एक फडकं हात पुसायला माझ्या खिशात होतं. ते मी सायलेन्सरच्या नळीत बोटानं आत, जाईल तितकं आत, कोंबलं. पाहुणे गेले की पक्कड घेऊन काढून टाकायचं, असा हिशेब होता. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. न बोलता होणारं काम मी नेहमीच पटकन करतो.

रविवारी साडेसातला मामांनी दोरी ओढली. एक, दोन, तीन. मशीन एकदा खोकली आणि गप्प झाली.

साडेआठला भुजंगराव आले तेव्हा मामा बागेत उकिडवे बसून पाचव्या प्रश्नावर पोचले होते. "खाल्लंस, श्वास घेतलास, ठिणगी हाय, दम हाय. मंग रुसलीस कशाला, बाय?" फारुखभाई ठिणगी नीट दिसावी म्हणून छत्री धरून सावली करत होते. भुजंगराव फाटकाशी थांबले. बागेकडे पाहिलं. मला नमस्कार केला आणि सरळ तिकडे गेले.

"प्लग ओला आहे का?" त्यांनी विचारलं.

"ओला हाय."

"आमच्या फवारणी पंपाला असंच झालं व्हतं."

"मामू, मैं बोलताय ना, प्लग बदल डालो," फारुखभाई म्हणाले.

"बदलला, फारुखभाई. नवा बी ओलाच."

भुजंगरावांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. पुढचे दोन तास आमची बैठक रिकामी होती. पोहे बागेत गेले, चहा बागेत गेला, शेवटी मुलीलाही तिथंच बोलावलं. ती हिरवळीवर बसून कार्ब्युरेटरचे स्क्रू वाटीत सांभाळत होती आणि होणारे सासरे तिला कुठला स्क्रू कुठला ते सांगत होते. जाताना भुजंगराव मला म्हणाले, "माणसं चांगली आहेत तुमच्याकडं. आमचं नक्की समजा." एका दमात ते एवढं कधी बोलत नाहीत, असं त्यांच्या पत्नीनं नंतर कळवलं.

म्हणजे माझं काम झालं. अपेक्षेपेक्षा बरं झालं. राहिलं होतं फक्त पक्कड घेऊन जाणं.

पण मामा मशीनपासून हलेनात. संध्याकाळी त्यांनी ती ढकलत स्वतःच्या घरात नेली. "पेशंटला एकटं सोडत नसतात." चौदा नंबरच्या पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून त्यावर इंजिन उघडलं. मी रोज जायचो. आज सांगू म्हणून जायचो, आणि मामा माझ्या हातात टॉर्च द्यायचे. टॉर्चचा उजेड मी सायलेन्सरवर पडू द्यायचो नाही असं नाही. मामाच तिकडे बघत नव्हते. त्यांच्या पाच प्रश्नांत ती जागाच नव्हती. इतक्या वर्षांत कुणी इंजिनाचं तोंड दाबलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

कार्ब्युरेटर चार वेळा धुतला. टाकी उन्हात वाळवली. नवी दोरी घातली, जिचा काही संबंध नव्हता. दुसरा रविवार कोरा गेला, भिंतीवर खडू लागला नाही. कॉलनीतल्या लोकांनी दोन दिवस सल्ले दिले, मग गवत वाढल्याची तक्रार सुरू झाली. अध्यक्षांनी मला सांगितलं, गुरुवारच्या बैठकीत विषय घ्या, मशीन भंगारात काढू, ठेकेदाराची माणसं महिन्यातून एकदा येऊन कापून जातील. ठराव लिहायचं काम सेक्रेटरीचं. मी लिहिला. भाषा नीट बसावी म्हणून दोनदा लिहिला.

मंगळवारपर्यंत मामांना हे कळलं होतं. मी गेलो तेव्हा ते इंजिनासमोर नुसते बसले होते. म्हणाले, "इंजिन खोटं बोलत नाय, सर. म्हंजे माझाच हात गेला." थोड्या वेळानं म्हणाले, "रविवारी घरात लई शांत असतंय. तुमची मामी असताना रेडिओ असायचा. म्हणून मी ही रविवारीच चालवतो. लोकान्ला वाटतं गवतासाठी."

मी टॉर्च धरून उभा होतो. वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी विचारलं, "चहा करू का?"

बुधवारी दुपारी मी सुट्टी टाकून घरी होतो, संध्याकाळी नक्की सांगायचं म्हणून. साडेतीनला मशीनचा आवाज आला. पहिल्याच झटक्याला. पाच मिनिटं चालली आणि बंद झाली. मग आमच्या फाटकाची कडी दोनदा वाजली.

मामा आत आले नाहीत. हात काळे होते. घरात बायको होती, शेजारी फारुखभाई दारात आले होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं मामा म्हणाले, "सापडलं. कुंभारीण."

कुंभारीण म्हणजे ती मातीची घरटी बांधणारी माशी. आमच्याकडे खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकातसुद्धा बांधते.

"सायलेन्सरमधी घर केलं व्हतं तिनं. आज दोरी ओढताना नळीवर तळवा धरला, तर वारंच येईना. दम आत कोंडलेला." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "लई बारीक जीव. तिची बी काही अडचण असंल. पर तिला बोलता येत नाय ना, सर. एक शबुद बोलली असती, तर मी त्या दिवशी मशीन काढलीच नसती."

फारुखभाई हसले. "मामू, माशी कहाँ बोलतीय?"

"तेच म्हणतो मी. म्हणून आता आपणच इचारायचं."

त्यांच्या पँटच्या खिशातून पिवळं टोक दिसत होतं. त्यांनी ते बोटानं आत सारलं आणि गेले.

गुरुवारी मी ठराव फाडला. बैठकीत मामांनी चूक माझीच, मी आधी बघायला हवं होतं, असं सांगून माफी मागितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पुढच्या रविवारी साडेसातला मामा पहिल्यांदा विचारायला आले. त्या दिवशी भिंतीवर "एक" लिहिलं होतं आणि दाराच्या आतल्या बाजूला सहावा प्रश्न वाढला होता: श्वास सोडला का?

"साऱ्यान्ला श्वास घेणं इचारलं," ते मला म्हणाले, "सोडायचं कधी इचारलंच नाय. अडाणीपणा." त्यानंतर माझ्या फिल्टरविषयी ते पुन्हा कधीही बोलले नाहीत.

मानसीच्या लग्नात ते मफलर इस्त्री करून आले होते. भुजंगराव जेवायला त्यांच्या शेजारी बसले आणि फवारणी पंपाविषयी बोलत राहिले. दोघांनाही वाढायला मीच होतो.

चार वर्षं झाली. मामांचा उजवा खांदा आता दुखतो, दोन झटक्यांचे तीन झाले आहेत. दर रविवारी ते कडी वाजवतात, विचारतात आणि माझे ओठ बघत थांबतात. पूर्वी मला वाटायचं, हे मला टोचण्यासाठी आहे. तसं नाही. माझ्या घरी काही अडचण असेल, तर ती मला सांगता यावी म्हणून ते थांबतात. मी "करा" म्हणतो. त्यानंतरही ते जरा वेळ थांबतात.

साळुबामामांचं माझ्याकडे एक वाक्य राहिलं आहे. मामा, ते कापड मी कोंबलं होतं. ते वाक्य मी त्यांना अजून दिलेलं नाही.