मुख्य कॉक बंद

"हिरड्या चांगल्याच सुजल्यात," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथले जंतू रक्तात उतरतात. हिरड्यांचं दुखणं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबणं यांचा संबंध दिसतो म्हणतात. रोज दोनदा दात नीट घासा आणि परवा सफाईला या."

नळदुरुस्तीत हयात घालवलेल्या माणसाला यातलं 'तुंबणं' तेवढं कळलं. वर गळती, खाली तुंबलेलं, म्हणजे आधी मुख्य कॉक बंद करायचा. त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. घरी नळीने सूप आणि हातवारे सुरू झाले. त्याचे वडील हृदयविकारानेच गेले होते, त्यामुळे भीती अगदी खरी होती.

बायको मात्र खूश झाली. सगळी गल्ली ज्याला 'धबधबा' म्हणायची, तो नेमका मुलीला बघायला मंडळी यायच्या दिवशी आटला होता.

"देव पावला," ती मुलीला म्हणाली. "मागच्या पाहुण्यांना तुझ्या बाबांनी तुंबलेल्या मोरीवर तासभर ऐकवलं. परत फिरकले का ते?"

मंडळी आली. चहा झाला.

"मुलगा पसंत आहे ना तुम्हाला?" मुलाच्या आईने विचारलं.

त्याने मान डोलावली.

"अहो, मग बोला की मोकळेपणी. का काही खटकतंय?"

त्याने मान आधी आडवी हलवली, मग उभी, मग दोन्हीकडे. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पर्स उचलली.

"नको असेल तर तसं सांगावं माणसाने. निघू या आपण."

मुलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते बापाने पाहिलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि कॉक उघडला.

"माझं हृदय बंद पडलं तरी बेहत्तर, पण माझी पोर तुमच्याच घरात येणार!"

बाई मटकन खाली बसल्या. त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. "बाप असावा तर असा," त्या म्हणाल्या. लग्न ठरलं.

आता कॉक उघडलाच होता. डॉक्टरीणबाई, हिरड्या आणि मिटलेलं तोंड इथून निघालेला धबधबा रक्तवाहिन्या, गटारं असं करत थेट पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला. मुलाचे वडील तर त्याला तोडीस तोड निघाले. दोघे व्याही एकाच वेळी बोलत होते आणि दोघांनाही त्याची अडचण वाटत नव्हती.

निघताना विहीणबाईंनी त्याच्या बायकोला हळूच दाराआड घेतलं.

"त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्या ना," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या हिरड्याही एकदा दाखवून घेते."