बंदुकांच्या करारातला कावळा

परदेशातून आमच्या देशाला मदत म्हणून मिळणाऱ्या बंदुका यापुढे कावळा पिंडाला शिवल्याशिवाय जहाजातून उतरणार नाहीत, असं करारात ठरलं.

चूक आमच्या राजदूतांची. आधीची अट साधी होती. देशात शांतता नांदते, माणसांचे हक्क सांभाळले जातात, असा अहवाल द्यायचा. अहवाल आम्ही झकास लिहायचो. पुढे तिकडचे लोक म्हणाले, अहवाल कुणीही लिहील. मेलेल्या माणसाची तक्रार मिटली, हे तुमच्याकडे ओळखतात कसं? राजदूतांना आपल्या चालीरीतींचा भारी अभिमान. त्यांनी जेवता जेवता दहाव्याचा कावळा रंगवून सांगितला. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर तो पिंडाला शिवत नाही, हे ऐकून यजमानांनी हातातले काटे-चमचे खाली ठेवले.

मी गृहखात्यात दुभाष्या. त्यामुळे परदेशी निरीक्षक बाईंबरोबर घाटावर मलाच जावं लागलं. मुकुंदा नावाचा पोरगा मोर्चात गोळी लागून गेला होता. गोळी मागच्या जहाजातून आलेल्या बंदुकीची. नवं जहाज बंदरात येऊन उभं होतं. मुकुंदाची आई गयाबाई पिंडासमोर बसली होती. कठड्यावर ओळीनं कावळे होते आणि एकही ओरडत नव्हता. ते भाताकडे बघत नव्हते, आमच्याकडे बघत होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

गृहसचिव मिराशी साहेब हात जोडून पुढे झाले. "चौकशी करू," ते कावळ्यांना म्हणाले. "धाकट्या भावाला नोकरी देऊ. चौकाला तुझं नाव देऊ." कावळे जागचे हलले नाहीत. मग साहेबांनी दर्भाचा कावळा करून तोच शिववायची तयारी केली, तेव्हा बाईंनी नम्रपणे करार पुढे केला. कावळा जिवंतच हवा होता.

"मावशी, तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. "त्याचं मन कशात अडकलंय?"

"तुमाला ठाव हाय सायेब. बंदुका आनू नका, हेच तर वरडत चालला हुता त्यो." गयाबाईनं भाताकडे पाहिलं. "लई उपाशी हाय वो माझं पोरगं. तेवढं म्हना."

साहेबांचं काय जात होतं? "बंदुका आणणार नाही," ते म्हणाले.

एक कावळा खाली उतरला. पिंडाशी येऊन त्यानं चोच उघडली. बाईंनी लगेच फोन कानाला लावला; कावळा शिवताच बंदरातल्या माणसाला 'उतरवा' म्हणायचं होतं. कावळा तसाच थांबला आणि गयाबाईकडे बघू लागला. भुकेनं त्याचे पाय थरथरत होते.

गयाबाईनं फोनकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मग भातावर आपला पदर पसरला.

"खाऊ नगंस, बाळा," ती म्हणाली. "मी बी न्हाई खात."

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी मला विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. कावळा मागे सरला. बाईंनी फोन खिशात ठेवला.

तो कावळा गयाबाईच्या मागोमाग घरापर्यंत चालत गेला. उडाला नाही. तेव्हापासून तो तिच्या उंबऱ्यावरच असतो. ती रोज दोन ताटं वाढते आणि दोन्ही तशीच राहतात. मधे कितीतरी पावसाळे गेले. सरकारी डॉक्टर दोघांनाही तपासून जातात. प्रकृती उत्तम आहे.

मिराशी साहेब आता तिच्या शेजारीच राहायला आले आहेत, खात्याच्या खर्चानं. केसही पिकले त्यांचे. दुपारी ते कुंपणापाशी येतात आणि शेजारधर्मानं विचारतात, "काय मावशी, जेवण झालं का?"

"अजून न्हाई," गयाबाई म्हणते, आणि जहाज बंदरात उभं राहतं.