भास्कररावांचा बेटावरचा कांदा

भास्करराव राऊत माणसांनासुद्धा खणांत टाकतात. आमच्या विरारच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की जिन्यात उभे राहून एकदा नीट बघतात आणि निकाल देतात, "दुसरा मजला, चौथा खण. पोच बरोबर." ज्याच्याबद्दल मत ठरत नाही तो "पत्ता अपुरा". माझे यजमान गेली दहा वर्षं पत्ता अपुरा आहेत.

भास्कररावांची सगळी नोकरी टपाल वेगळं करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पत्रं संपली, पण हात थांबेनात. आधी डाळीतले खडे झाले, मग सोसायटीच्या किल्ल्या झाल्या. मग एका रविवारी जवळच्या वटार गावी भावाच्या वाडीत गेले होते, ते तिथून होडीने अर्नाळ्याच्या बेटावर गेले आणि त्यांना रानकांदा सापडला.

रानकांदा दिसायला आपल्या कांद्यासारखाच, पण विषारी. चीक लागला तरी हात खाजून सुजतो. बेटावर तो किल्ल्याच्या तटाखाली उगवतो आणि वाळूतही. तिथले लोक म्हणतात, कांदा एकच. भास्करराव म्हणाले, दोन. तटाखालच्याचं पान रुंद, वाळूतल्याचं अरुंद. एका खणात दोन गावांची पत्रं त्यांना सहन होण्यातली नव्हती.

त्यांनी मुंबईतल्या एका प्राध्यापकांना पानं पाठवली. उत्तर आलं, नुसत्या पानावरून सांगता येत नाही, त्याच कांद्याचं फूलही हवं.

"इथंच तर अडतं, वहिनी," ते मला म्हणाले. "पान पावसाळ्यात. ते वाळून जातं, मग चैत्रात नुसता दांडा आणि फूल. कांदा एकच, पण दोघांची गाठ नाही."

"मग खुणेला काठी रोवा की."

रोवल्या. बेटावरच्या पोरांनी त्या उपटून क्रिकेटचे स्टंप केले. पुढच्या वर्षी त्यांनी दगडांना चुना फासला. तो पावसात धुऊन गेला. माणूस हटला नाही.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले, कारण मोजायला टेप हवी होती. माझा शिवणक्लास आहे आणि माझी टेप मी कुणाच्या हाती देत नाही. भास्करराव वाळूत गुडघे टेकून पानं मोजतायत आणि बोंबील सुकवणारी एक बाई लांबून ओरडली, "काय रे पोस्टमन, कांद्याबिगर आमच्या बेटावर तुला कोन दिसत नाय का?"

"तू दिसतेस की. पत्ता पुरा!"

"आनि बायकोला कवा आनशील दाखवायला?"

भास्कररावांनी तेच पान पुन्हा मोजलं.

त्यांच्या बायकोचं, निर्मलाताईंचं, सांगायला हवं. त्या इस्पितळात नर्स, कायम रात्रपाळीच्या. त्या घरी यायच्या तेव्हा हे निघालेले, हे परतायचे तेव्हा त्या निघायच्या तयारीत. संसार चालला स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या पाटीवर. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. पाटी मात्र तशीच राहिली. मी साखर मागायला गेले तेव्हा स्वतः वाचली आहे. वर लिहिलं होतं, "डाळ भिजवली आहे." खाली दुसऱ्या अक्षरात, "पाहिली." आणि दोघं दोन खोल्यांत बसलेले.

शेवटी भास्कररावांनी तटाखालचा एक रुंद पानाचा कांदा मुळासकट आणला. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावला आणि डबा माझ्या गॅलरीत ठेवला. त्यांच्याकडे ऊन नाही. त्यातलं एक पान कापून वर्तमानपत्रात दाबून सुकवलं. आता त्याच डब्यात फूल आलं की काम फत्ते.

डबा सांभाळायचं मी कबूल केलं होतं. पानं वाळली. पौष गेला, माघ गेला, डब्यात नुसती माती. पाडव्याची साफसफाई काढली, कढीपत्त्याला माती हवी होती. मी डबा उपडा केला, कांदा मेलाय असं समजून खालच्या सज्ज्यावर फेकला आणि हात धुतले.

चैत्रात भास्करराव बघायला आले. डब्यात कढीपत्ता.

मी झालं ते सरळ सांगितलं. चूक माझी होती, सारवासारव कशाला? ते रागावले नाहीत. गॅलरीतल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "असू दे, वहिनी. पुढच्या पावसात दुसरा आणतो." पण आवाज अगदीच खाली गेला होता. मला ते सोसवेना. ते गेल्यावर मी कपडे वाळत घालायची काठी घेतली आणि कठड्यावरून वाकून सज्जा चाचपायला लागले.

कांदा पाइपाच्या आडोशाला पडला होता. ना माती, ना पाणी. आणि त्यातून हातभर दांडा सरळ वर आला होता, कळ्यांनी भरलेला. मेलेला म्हणून फेकलेला!

मी जाऊन भास्कररावांना सांगितलं. मला वाटलं, पट्टी-वही घेऊन धावतील. ते आधी पाटीशी गेले. जुनं पुसलं आणि लिहिलं, "फूल आलंय. वहिनींकडे." मग खडू ठेवला, आतल्या खोलीच्या दारात गेले आणि तोंडाने म्हणाले, "निर्मला, येतेस का?"

संध्याकाळी कळ्या उमलल्या. फुलं फिकट, मातकट, बाजारात कुणी फुकट घेणार नाही अशी. भास्कररावांनी कठड्यावरून वाकून, काठीला पिशवी बांधून कांदा अलगद वर घेतला होता. निर्मलाताईंनी वर्तमानपत्रातलं सुकं पान दोन बोटांनी हलकेच उचललं आणि दांड्याच्या शेजारी धरलं. त्यांचा हात अजिबात हलत नव्हता. माझी टेप मी स्वतःहून त्यांना दिली.

दुसऱ्या दिवशी टेप आणायला गेले. दार बंद होतं, पण आवाज जिन्यापर्यंत येत होते.

"पाकळीवरची रेघ हिरवी आहे."

"तपकिरी! तीस वर्षं रात्रीच्या दिव्यात काम करून डोळे गेलेत तुझे."

"माझे? आणि तुमचे हो? कालपर्यंत घरात बसलेली बायको दिसत नव्हती!"

मग दोघंही हसले. मी बेल न वाजवता परत आले. टेप अजून त्यांच्याकडेच आहे.