जांभईवर अब्रुनुकसानीचा दावा

हे कोणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याच्याशी मी फारसे संबंध ठेवत नाही. तरी सांगतो. ग्राहकाचं समाधान ही कोणत्याही कंपनीची सर्वांत मौल्यवान मालमत्ता असते. आणि एवढी मौल्यवान वस्तू ग्राहकाच्या ताब्यात ठेवून चालत नाही. आमच्या धाकट्या मेव्हण्याला हे जरा उशिरा कळलं.

मेव्हणा एका गाद्यांच्या कंपनीच्या गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी. रात्री जागायचं आणि दिवसा झोपायचं. पैकी जागणं तो चोख करी, झोपणं जमेना. कारण इमानदारीचं बक्षीस म्हणून कंपनीने त्याला स्वतःचीच एक गादी दिली होती. दिसायला राजेशाही. पण पडलं की मधोमध खड्डा, आणि कूस बदलली की आतली स्प्रिंग अशी कण्हायची की आपल्यालाच काहीतरी दुखतंय असं वाटून माणूस उठून बसे.

मेव्हण्याने फोन काढून कंपनीच्या पानावर अभिप्राय लिहिला: ‘झोप लागत नाही. कापड चांगलं आहे.’ एक तारा. (कापडासाठी दुसरा देणार होता, पण अंगठा घसरला.)

त्याच आठवड्यात नोटीस आली. ‘आमच्या अशिलाच्या गादीवर झोप लागते. ती न लागणे ही आपली खाजगी कृती असून तिच्यामागे आकस दिसतो.’ मेव्हणा घाबरला. अभिप्राय पुसला, पाच तारे दिले, वर जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. दुसरा कोणी असता तर प्रकरण इथेच मिटलं असतं. पण कंपनीचा विधी विभाग कामसू होता. दुसरी नोटीस आली.

‘आपण बसथांब्यावर, कंपनीचा गणवेश परिधान करून, तोंड पूर्ण उघडून अभिप्राय दिलात. उपस्थित अकरा इसमांनी तो तत्काळ पुढे पाठवला.’

(अकरांत एक तान्हं मूल होतं. त्याची नोटीस वेगळी आली; ‘सज्ञान झाल्यावर उघडावी’ असं पाकिटावर लिहिलेलं होतं. याला म्हणतात माणुसकी.)

जांभईचा एवढा सखोल अभ्यास डॉक्टरांनीही केला नसेल. उघडी जांभई म्हणजे जाहीर बदनामी. हाताआडची म्हणजे कुजबुज. आणि ओठ मिटून दाबलेली, डोळ्यांत पाणी आणणारी, तो सरळसरळ कट. उपायही कंपनीनेच सुचवला. मेव्हण्याने फक्त एक वाक्य लिहून द्यायचं: ‘मला या गादीवर रात्रभर गाढ झोप लागते.’

तो सही करणार, एवढ्यात आमच्या हिने, म्हणजे त्याच्या ताईने, पेन हिसकावलं.

“अरे बावळटा, तू पहारेकरी ना? रात्रभर झोपतो असं लिहून दिलंस तर उद्या घरी बसवतील!”

“आणि नाही दिलं तर दावा लावतील. ताई, मी करू काय?”

“‘दिवसा’ लिही की! दिवसा गाढ झोप लागते.”

लिहिलं. ‘दिवसा’ या शब्दाने गादीच्या रात्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडतात, म्हणून परत आलं. सोबत मनुष्यबळ विभागाचंही पत्र: ‘आपण रात्री झोपता असे विधी विभागाकडून समजते. खुलासा करावा, अन्यथा सेवा समाप्त.’ (दोन्ही विभागांत एक पडदा आहे. तो धुवायला गेला होता.)

झोपला तर नोकरी जाणार, जागला तर अब्रू. प्रकरण कोर्टात उभं राहिलं. पुरावा म्हणून गादीही आणली होती. तिला बसायला सगळ्यांत पुढची जागा; मी आणि ही मागच्या बाकावर.

न्यायाधीशबाई कडक. म्हणाल्या, “पाल्हाळ नको. झोप लागते की नाही, एका शब्दात सांगा.”

मेव्हण्याने शब्दासाठी तोंड उघडलं आणि आतून जांभई आली. बारा वर्षांच्या रात्रपाळीत साठवलेली.

“मॅडम, हीच ती!” कंपनीचे वकीलसाहेब ओरडले, पण ‘ती’ म्हणता म्हणता त्यांचा जबडाही उघडाच राहिला. मी पहिल्याच फटक्याला आडवा झालो. मग ही, मग मेव्हणा. पट्टेवाला दाराला टेकून उभ्या उभ्या घोरू लागला. टायपिस्टचं कपाळ यंत्रावर पडलं आणि दोन परिच्छेद उमटले (ते पुढे वरच्या कोर्टातही कायम झाले). शेवटी बाईंनी फाइल तोंडापुढे धरली, ती तशीच राहिली. अवघं कोर्ट गाढ झोपलं, लाकडी बाकांवर.

पेंगुळलेले एकटे वकीलसाहेब अजून उभे होते; त्यांनी संधी साधली. बूट काढून ते पुराव्यावर आडवे झाले. डावी कूस झाली, उजवी झाली, उशी उलटी झाली. स्प्रिंग कण्हली, तसे तेही कण्हले. मग रडले. शेवटी फोन काढून त्यांनी लिहिलं, ‘झोप लागत नाही. कापड चांगलं आहे.’ एक तारा. आणि कर्तव्यदक्ष माणूस तो, लगेच स्वतःलाच नोटीस बजावली.

संध्याकाळी कोर्टाला जाग आली तेव्हा गादीवर तांबारलेल्या डोळ्यांचे वकील बसलेले. बाईंनी एकदा पाहिलं आणि निकाल दिला: ज्या गादीवर खुद्द कंपनीच्या वकिलाचा डोळा लागत नाही, तिच्यावर पहारेकरी झोपतो असं म्हणणं ही गादीचीच बदनामी. दावा रद्द, नोकरी कायम.

कंपनीचा मोठेपणा असा की तिने निकाल मनावर घेतला. आता ती गादी ‘पहारेकरी स्पेशल’ म्हणून विकली जाते, डोळा न लागण्याच्या लेखी हमीसह. जाहिरातीत वर मेव्हण्याचा हसरा फोटो आणि खाली त्याचेच शब्द: ‘झोप लागत नाही.’ पाच तारे.

हे सगळं मी हिला वाचून दाखवलं. ही चादरींच्या घड्या घालत होती. हातातली चादर तशीच धरून म्हणाली, “थांबा! पहिल्याच जांभईला तुम्ही आडवे. मग मी, मग सगळं कोर्ट. तर वकील रडला, फोन काढला, स्वतःला नोटीस दिली, हे पाहिलं कोणी? तो काय दारोदार सांगत फिरणार आहे होय? थापाडे कुठले!”

एवढी मोठी थाप फक्त हिने पकडली. वाचकहो, तुम्ही पकडली नाहीत, कारण त्या ओळीवर तुमचं तोंड पूर्ण उघडं होतं.

तुमचा अभिप्राय पोचला. पत्ता कळवा.