साळवे काकांची दारू

साळवे काका भेटले की तिसऱ्या वाक्याला आपण किती दारू प्यायचो ते सांगत. विचारावं लागत नसे. "पाणी आलं का?" म्हटलं तरी उत्तर यायचं, "आलं. पण मी कुठं पाणी प्यायचो म्हणा!"

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले काका कात्रपला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहत. मुलगा मिलिंद उल्हासनगरात नोकरीला लागला, तिथंच ब्राउन शुगरच्या नादी लागला आणि व्यसनमुक्ती केंद्रात पोचला. केंद्रातल्या डॉक्टरांनी पालकांना समजावलं, की नशेनं जीन्स, म्हणजे जनुकं, बदलत नाहीत, पण त्यांच्यावर खुणा बसतात. काही जीन्स गप्प होतात, काही जास्तच बोलायला लागतात. बापाच्या व्यसनाच्या खुणा मुलात उतरतात का, याचा अभ्यास उंदरांवर चाललाय, माणसांचं नक्की नाही.

काकांनी यातले उंदीर वगळले.

"सगळा स्विचचा मामला आहे," ते वाण्याला सांगत, दूधवाल्याला सांगत, मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगत. "मी प्यायलो, माझा स्विच चालू राहिला, पोरगा तसाच चालू आला. फॉल्ट मालाचा नाही, बनवणाऱ्या कंपनीचा!"

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही प्राणिशास्त्राचा. त्यामुळे साक्षीला मीच. "हा बीएस्सी आहे, विचारा याला!"

"काका, माणसांत अजून तसं..."

"बघा, हो म्हणाला!"

माझ्या बारावीच्या अभ्यासासाठी गॅलरीत दिवा काकांनीच बसवून दिला होता. पुढं बोलायला जीभ रेटत नसे.

मिलिंद घरी यायचं ठरलं तशी गच्चीवर सोसायटीची मीटिंग भरली. आमची बिल्डिंग कमालीची निर्व्यसनी. सेक्रेटरी भोईर तर इतके, की बोलण्याआधी त्यांना गुटखा थुंकून यावं लागलं.

"साळवे, त्याला इथं आणू नका. आमची पोरं बिघडतील."

"भोईरशेठ, पोराला कशाला बोलता? मला बोला. वायरिंग माझं आहे."

मग काय, लोक बोलले. बापानं कसं वागावं यावर प्रत्येकानं हात धुऊन घेतले. काका मान डोलवत होते, कुणी थांबलं तर "आणखी बोला" म्हणत होते. त्यांना झापण्याच्या भरात मिलिंदला बाहेर ठेवायचा विषय राहूनच गेला.

खाली उतरताना मी काकूंना म्हटलं, "काका एवढे प्यायचे, असं कधी वाटलं नव्हतं."

"हे?" काकू जिन्यातच थांबल्या. "कंपनीच्या पार्टीत लिंबू सरबत घेऊन कोपऱ्यात बसायचे. आता असं का सांगता विचारलं तर म्हणतात, तू गप."

मिलिंद आला त्या सकाळी सगळी दारं उघडी होती. रिक्षा थांबताच काका आधी उतरले आणि थेट भोईरांच्या दारासमोर उभे राहिले.

"शेठ, एकदा तर मी पगाराच्या दिवशी नाल्यात पडलेलो! चौघांनी ओढून काढला!"

लोक दारांतून बाहेर आले. कुणी हसलं, कुणी तोंड वाकडं केलं. काका हातवारे करून नाला किती खोल होता ते दाखवत होते. त्यांच्या पाठीमागून मिलिंद पिशवी घेऊन, खाली मान घालून जिना चढून गेला. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.