शेड्यूलातला मासा

भिकूकाका जेवायला बसले की ताटातल्या माशाकडे आधी संशयाने बघतात. मग खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढतात. जेटीवरच्या पाटीची ही झेरॉक्स. कायद्याच्या शेड्यूलात, म्हणजे यादीत, असलेले कुठले समुद्री प्राणी पकडणं गुन्हा आहे ते तिच्यावर चित्रांसकट छापलंय. साधी तारलीसुद्धा काका त्या चित्रांशी ताडून बघतात आणि काकूंना विचारतात, "ह्यो शेड्यूलातलो नाय मा गो?" तोवर कढी निवून जाते.

तारकर्लीत ते माझे शेजारी. वाडीची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, तेच विणतात, तेच सांधतात. त्या एका जाळ्यावर वीसेक घरं जगतात. काका स्वतः मात्र घोट्याच्या वर पाण्यात जात नाहीत. समुद्राला भितात, विजेला भितात, आणि कायद्याला तर विचारू नका. पोलिसांची जीप दिसली की माडाआड उभे राहतात. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलांनी दिलेले शंख माझ्या कपाटात होते, त्यांतले काही काकांच्या कागदावरचे. ते बघून काकांनी घाईघाईने खिडकीचा पडदा ओढला. "बाई, शंखांक जामीन मिळणा नाय!"

मी पोट धरून हसले होते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मात्र माझीही बोबडी वळली.

रापण ओढताना दोर जड लागत होता, म्हणून सगळे खुशीत होते. मग जाळ्यात काळीभोर पाठ उलटली. तिच्यावर पांढरे ठिपके. होडीएवढा व्हेल शार्क! काकांच्या कागदावरचं पहिलंच चित्र.

जाळं कापलं तर मोसम गेला. सरकार भरपाई देतं, पण त्याला अर्ज, फोटो, पंचनामा, आणि मग वाट बघणं. तोवर वीस घरांनी खायचं काय? न कापता ओढला तर जाळं वाचेल, पण मासा मरेल आणि वर तुरुंगाची टांगती तलवार.

"ओढूया," रापणीचा म्होरक्या धोंडू हळूच म्हणाला. "मेलेलोच गावलो म्हणान सांगूया. कोणाक कळतला?" आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

मी मान खाली घातली. मला याच वाडीत राहायचं होतं.

तेवढ्यात माशाने शेपटी आपटली. दोन गडी लांब फेकले गेले. बायका किंचाळल्या. आणि बघते तर भिकूकाका पाण्यात शिरलेले! गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. हातात जाळं सांधायची सुरी. दात कडकड वाजत होते.

"भिकू, मागे फिर! वीस घरांचा जाळा आसा ता!" धोंडू ओरडला.

"माका सांगतंस? मियाच विणलंय ता!" काका रडव्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी सुरी चालवली.

जाळं फाटलं तरी मासा हलेना. काका त्याच्या अंगाला हात लावून काहीतरी पुटपुटत उभे राहिले. कितीतरी वेळ. मग तो सावकाश वळला आणि खोल पाण्यात दिसेनासा झाला. काकांना मात्र उचलून आणावं लागलं.

धोंडू तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी जाळं विणायची सुई घेऊन मुकाट्याने शेजारी येऊन बसला. भरपाई बऱ्याच उशिरा आली, आणि तिच्यात निम्मंच जाळं झालं.

भरपाईचा अर्ज मीच लिहिला होता. 'जाळे कापण्याचे कारण' या रकान्याशी मी थांबले.

"कायद्याक भियालंय, असा लिवा," काका म्हणाले. मी लिहायला लागले तर त्यांनी हात वर केला. "नको. खरा सांगू? कायदो तेवा याद नाय इलो. माका त्येचो डोळो दिसलो. माज्यापरास जास्त भियालो हुतो तो." मग म्हणाले, "भियाताना कोणतरी जवळ होया, बाई. माका ठावक आसा."

इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांच्या भीतीला हसत आलो होतो. मी पेन खाली ठेवलं आणि माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.