बिरादार सरांचा निळा दिवा

आमचे बिरादार सर कुणालाही हाक मारत नाहीत. भिंतीपाशी जातात आणि तुमच्या डोक्यावरची ट्यूब दोनदा बंद-चालू करतात. तुम्ही दचकून वर बघितलंत की म्हणतात, "हां, तुम्हालाच." लातूरच्या आमच्या कॉलेजात मी परीक्षा विभागात आहे. या ट्यूबपायी सहा वर्षांत माझ्या किती बेरजा चुकल्या, देवाला ठाऊक.

सर कॉलेजचा सर्व्हर सांभाळतात. मूळचे उदगीरकडचे. सर्व्हरच्या खोलीत चप्पल काढून जातात आणि यंत्राला हात लावण्याआधी लिनक्सच्या काळ्या पडद्यावर टाइप करून त्याची रीतसर विचारपूस करतात. "आधी इचारू, मग हात लावू." एकदा माझा माऊस बंद पडला, तर पंधरा मिनिटं विचारपूसच चालली. शेवटी मीच म्हटलं, "अहो सर, वायर निघालीय, दिसतंय की!"

"दिसतं ते खरंच असतं असं न्हाई, मॅडम," सर म्हणाले आणि वायर खोचली.

यंदा परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी नेमका घोळ झाला. सर्व्हरला जोडलेली, माहिती साठवणाऱ्या डिस्कांची एक पेटी आहे. तिच्यात दोन कंट्रोलर, म्हणजे डिस्कांचा कारभार बघणारे दोन कारभारी. एक आजारी पडला तर दुसरा गाडा ओढतो. त्यातला एक बंद पडला. पेटी चालू ठेवूनच तो उपसून नवा बसवायचा होता. चुकून धडधाकट उपसला, तर सगळंच ठप्प. बाहेर व्हरांड्यात पार शिरूर अनंतपाळ गावाहून आलेली पोरं रांगेत उभी होती.

कंपनीचा इंजिनिअर आला. "एक नंबरचा गेलाय. हा बघा, नंबराची चिठ्ठीच लावलीय," म्हणत त्याने खटक्याला हात घातला.

तेवढ्यात खोलीतली ट्यूब दोनदा बंद-चालू झाली. सगळे जागच्या जागी थिजले.

"थांबा. आधी इचारू," सर म्हणाले.

प्राचार्य वैतागले. "बिरादार, पोरं ताटकळून राहिलीत! चिठ्ठी दिसंना का तुम्हाला?"

"दोनच मिनिटं द्या सर. चुकलो तर उद्यापासून येत न्हाई."

सरांनी शांतपणे कमांड टाइप केली. पेटीला सांगितलं, की बिघडलेल्याचा ओळख पटवायचा दिवा लाव. एक निळा दिवा लुकलुकू लागला. दोन नंबरच्या चिठ्ठीशेजारी!

इंजिनिअरने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. दारातून आमचे शिपाई गोविंदमामा पुटपुटले, "खंडेनवमीला पूजेसाठी पेटी पुसली व्हती सर. चिठ्ठ्या निघाल्या. मीच डकवल्या परत, अंदाजानं."

दहा मिनिटांत नवा कंट्रोलर बसला. एकही फॉर्म अडला नाही. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कशासाठी ते ठाऊक नसताना रांगेतल्या पोरांनीही वाजवल्या. इंजिनिअरने ती कमांड मुकाट्याने वहीत उतरवून घेतली. मला तर सरांना खांद्यावर घ्यावंसं वाटलं.

संध्याकाळी सरांनी पेढे घेतले आणि मला आग्रहाने घरी नेलं. दाराशी त्यांनी बटण दाबलं, पण बेल वाजली नाही. खिडकीत दिवा दोनदा बंद-चालू झाला आणि वहिनींनी दार उघडलं.

"हिला जन्मापासून ऐकू येत न्हाई," सर म्हणाले. "वीस वर्षं झाली, दिव्यानंच हाक मारतो. तीच सवय लागली बघा."

मग ते हातांनी सगळी हकीकत सांगू लागले. इंजिनिअर, चिठ्ठी, प्राचार्यांच्या कपाळावरच्या आठ्या. कॉलेजात दोन वाक्यं बोलणारा हा माणूस इथे थांबेना. हकीकत निळ्या दिव्यापाशी आल्यावर त्यांनी मूठ उघडली, मिटली, उघडली. वहिनी खळखळून हसल्या, उठून भिंतीपाशी गेल्या आणि सरांच्या डोक्यावरचा दिवा बंद-चालू, बंद-चालू करत राहिल्या.

सर लाजून वर बघत म्हणाले, "हां, मलाच."